मेंढरांनी रंगवलेली फरशी

"ओव्हरसिअर, ही फरशी आहे की गोधडी?"

एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेब जीपमधून उतरले ते हे विचारतच. होती ती गोधडीच. देवगाव फाट्यावरच्या नव्या रेस्ट हाउसचा व्हरांडा. अर्धा निळा, अर्धा पिवळट, मध्ये ठिगळं, आणि वर तांबूस पट्टे. विमानातल्या माणसाला दिसली असती अशी फरशी.

"पुढच्या इन्स्पेक्शनला मला एक रंग पाहिजे," साहेब म्हणाले. "उखडायची नाही. नवा माल मिळणार नाही. तोवर तुमची परभणीची ट्रान्सफर माझ्या खिशात."

खिसा थोपटून ते गेले. त्या खिशात माझी बायको होती, आणि मी एकदाच पाहिलेली माझी मुलगीही.

झालं होतं ते असं. शहाबादी दगड खाणीतून थराथरानं निघतो. एक थर निळा, एक पिवळट. आमचा माल सेलू स्टेशनात मालगाडीच्या दोन वाघिणींतून उतरला, एकीत निळा, दुसरीत पिवळा. असा माल आधी एकमेकांत मिसळायचा असतो, म्हणजे रंग विखुरतो आणि डोळ्याला टोचत नाही. आमच्या मिस्त्रीनं बैलगाडी येईल तशी फरशी बसवली. मग क्युअरिंग. म्हणजे खालचा चुना एकदम सुकू नये म्हणून वर काहीतरी ओलं अंथरून ठेवतात. पोती आली नव्हती. मिस्त्रीनं ज्वारीचा कडबा भिजवून अंथरला. कडब्यानं आपला रंग दगडाला दिला. मी सेलूहून आलो तोवर मिस्त्री माणसं घेऊन पुढच्या कामावर निघून गेला होता. शिव्या घालायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

हैदराबाद राज्य जाऊन आम्ही नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो. फाट्यावर मात्र ही बातमी पोचली असेल असं वाटत नव्हतं. तिथे एक लिंब होता आणि एक पाटी. पाटीला तीन हात, जिंतूर, सेलू, मंठा. मी रोज संध्याकाळी त्या पाटीशी बोलायचो, तिला गाणी म्हणून दाखवायचो. एकदा आमचं भांडणही झालं. चूक तिची होती, पण दोन दिवसांनी मीच पुन्हा बोलायला गेलो, कारण दुसरं होतं कोण?

फरशी विटेनं घासली. निळी पांढरी पडली, पिवळी जास्तच पिवळी झाली. चुन्याच्या निवळीनं धुतली. दिवसभर व्हरांडा चांदीचा दिसला, संध्याकाळी पुन्हा गोधडी. एक उपाय तेवढा खरा होता, तेलाचा. शहाबादी दगड तेल पितो आणि काळा पडतो. पिवळा दगड जास्त पितो, म्हणून निळ्याला गाठतो. जवसाच्या तेलाचं सँक्शन मागितलं. ऑफिसातून उलट विचारणा आली, रेस्ट हाउसमध्ये भजी तळायची आहेत काय.

अशात रखमाजी धनगर आला. तीनशे मेंढरं, एक कुत्रा, एक घोडं. बांधकामासाठी भरलेल्या आमच्या हौदाला मेंढरांनी तोंड लावलं आणि उन्हाचं व्हरांड्यातच बसकण मारली. मी काठी घेऊन धावलो.

"ऊठ, रखमाजी. हितं साहेब यायचेत."

"येऊ द्या की. त्येला बी जागा हाय."

मेंढरं उठली. ती बसली होती त्या कोपऱ्याकडे मी पाहिलं आणि काठी खाली ठेवली. कोपऱ्यातला निळा दगड कुठला आणि पिवळा कुठला, कळेना. मेंढराच्या लोकरीला अंगचं तेल असतं. तीनशे मेंढरं म्हणजे तीनशे तेलाचे बोळे, तेही स्वतःच्या पायानं चालत येणारे. सँक्शन नको, टेंडर नको.

"रखमाजी, रोज मेंढरं हितं बसव."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आमच्याकडे मेंढरं शेतात बसवतात. लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी धनगराला ज्वारी देतो. फरशीवर मेंढरं बसवणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"सायब, दगडावर काय उगवायचंय तुमाला?"

"माजी ट्रान्सफर."

"आन मला काय?"

"हौदाचं पाणी. पायजे तेवढं."

त्यानं विचार केला. "बरं. पर एक हाय. तुमी सांच्याला गाणं म्हनत जाऊ नका. काल पल्याडच्या रानात ऐकू आलं, मेंढरं लय बिचकली."

हे दुःख मी पचवलं. सकाळी लेंड्या झाडायच्या, फरशी धुवायची, पोत्यानं कोरडी करायची. सांजेला मेंढरं यायची. रोज त्यांना वेगळ्या भागावर वळवायचं, म्हणजे तेल सारखं बसतं. रखमाजी चुलीवर भाकरी टाकायचा, एक माझी. तो फार बोलायचा नाही, पण पाटीपेक्षा बराच. व्हरांडाभर मेंढरांचा श्वास चालायचा. त्या दिवसांत मी पाटीकडे फिरकलो नाही.

फरशी उजळत नव्हती, गडद होत होती, जांभळासारखी. मग गंगेकडची, म्हणजे गोदावरीकाठची, रानं मोकळी झाली आणि शेतकऱ्यांचा निरोप आला. रखमाजीनं घोड्यावर बिऱ्हाड लादलं.

"परत कवा?"

"मेंढरं नेतील तवा," तो म्हणाला. "सायब, आता म्हना गाणं."

मी व्हरांड्यात बसलो. नव्या मुंबई राज्यात तशी फरशी दुसरी नसेल, आणि तिच्यावर बसायला मी एकटा. गाणं काही सुचलं नाही.

साहेब आले. वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "एक रंग. कमाल आहे." मग नाक उचललं. "वास कसला हा?"

"नव्या दगडाचा, साहेब."

"आणि हे केलंत कसं?"

"स्पेशल प्रोसेस आहे, साहेब. लिहून देता येत नाही, हातालाच माहीत."

साहेबांनी खिशातला कागद काढला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी तो फाडला.

"राणीसावरगावच्या दवाखान्याचीही अशीच गोधडी झालीय. हे काम तुमच्याशिवाय कुणाला येणार? वाटेत परभणी लागते, एक मुक्काम करा हवं तर."

मी मुक्काम केला. बायकोनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "हिरीवर जाऊन अंग धुवा आधी. मेंढरात ऱ्हायलाव का काय?" मुलगी तिच्या लुगड्याआड लपून हा कोण आलाय ते बघत होती. मी मेंढरासारखा ओरडलो. ती हसली. सकाळी ती झोपेत असताना मी राणीसावरगावला जायला गंगाखेडची मोटार धरली.

नव्या ओव्हरसिअरांना सांगतो. दोन वाघिणींचा माल आधी मिसळून घ्या, क्युअरिंगला कडबा वापरू नका. आणि वास कसला असं साहेबांनी विचारलं, तर मेंढरांचा आहे म्हणून सरळ सांगून टाका. राणीसावरगावला दुसरं कुणीतरी जाईल.