उशाशी टांगलेला थर्मामीटर

सोलापुरात ऊन सगळ्यांनाच लागतं, पण खरंच लागतंय का याची आधी चौकशी करणारा माणूस मी एकच पाहिला, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, आमचे दाजी. बांधकाम खात्यात ओव्हरसियर. नव्या पेठेतून आणलेला थर्मामीटर त्यांनी अंगणातल्या कडुलिंबाखाली टांगलेला. कुणी घाम पुसत आलं की पारा बघून येणार आणि सांगणार, "तुम्हाला वाटतंय तेवढं गरम न्हाय हो!" मोहोळच्या एका लग्नात तर मुंडावळ्यांतून घाम निथळणाऱ्या नवरदेवालाच समजावत बसले होते.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली अक्काला अर्धांगवायू झाला. तिच्यासाठी दाजींनी अंगणात वेगळी खोली काढली. वेधशाळेचे आकडे मिळवले, दिवसरात्रीच्या पाऱ्याचा मध्य काढला आणि त्या हिशेबानं खिडक्या, भिंती, वर स्लॅब, सगळं ठरवलं. आता वेधशाळेवाले पारा मोजतात गावाबाहेरच्या मैदानात, लाकडी पेटीच्या सावलीत, वाऱ्यावर. आणि मध्यावर कोण जगतंय हो? दुपार ती दुपारच.

मी म्हटलं, "दाजी, वर मातीचं माळवदच टाका की. लई गार राहतं."

"तू भाकरी बघ, मेव्हणीबाई. आकडे मी बघतो."

वैशाखात तो स्लॅब दिवसभर तापायचा आणि दिवेलागणीनंतर खाली आग ओतायचा. आख्खी गल्ली अंगणात बाजा टाकून निजायची. अक्काला उचललं की ती कळवळायची, म्हणून ती आतच. दाजी कडुलिंबाखाली जाऊन येत आणि म्हणत, "उतरला की पारा!"

एकदा अक्का जड जिभेनं म्हणाली, "अहो, पारा तितं लिंबाखाली निजतो. मी हितं."

दाजी कडुलिंबाखाली गेले. थर्मामीटर काढून आणला, तिच्या उशाशी टांगला आणि खुर्ची घेऊन बसले. बाहेर वारा गार झाला, आतला पारा हलेना. दुसऱ्याच दिवशी स्लॅबवर पांढरी माती चढू लागली. पश्चिमेची खिडकी बुजवली, उत्तरेला नवी पाडली. तेव्हापासून आधी अक्काला विचारायचे, "बरं वाटतंय का गं?" आणि मग पारा बघायचे. दोघांचं जुळलं नाही तर अक्काचं खरं.

अक्का गेली. थर्मामीटर अजून तिथंच आहे, रिकाम्या उशाशी. मागच्या उन्हाळ्यात मी घाम पुसत गेले. दाजी जागचे उठले नाहीत, म्हणून मीच विचारलं, "दाजी, आज किती झालंय हो?"

"काय की," म्हणाले. "आधी तिला इचारायचो, मग बघायचो. नुसतं बघून आता काय कळणार?"