मुंगीची शाळा आणि मापकाकांचं मत

बुटांच्या दुकानात, लहान मुलांच्या विभागात ते एकवीस वर्षं बसले. बुटक्या स्टुलावर, समोर पाऊल मोजायचं लाकडी माप घेऊन. पोरं त्यांना मापकाका म्हणत. पुढे पुढे त्यांची बायकोही चारचौघांत तेच म्हणू लागली.

दुकानात मुलाची आई बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघे आणि म्हणे, "होतोय."

मापकाका मुलाला विचारत, "तुला कुठं टोचतंय?"

"त्याला काय कळतंय?"

"पाय त्याचा आहे," मापकाका म्हणत, आणि पोराला दारापर्यंत चालून यायला सांगत. यात प्रत्येक गिऱ्हाइकामागे दहा मिनिटं जास्त जात. मालकांनी याबद्दल त्यांना दोनदा समज दिली होती. त्यांच्या विभागातून बूट बदलायला कुणी परत येत नाही हे लक्षात आल्यावर तिसऱ्यांदा दिली नाही.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी सतत काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेई म्हणून तिला घरात मुंगी म्हणत. सातवीत असताना तिनं पुलापलीकडच्या मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा दिली आणि ती पास झाली. येणार की नाही, हे आठ दिवसांत कळवायचं होतं. पहिल्या दिवशी मामांनी ठरवलं. मामा म्हणजे मापकाकांचे मेहुणे. विमा कचेरीत आकडेमोड करत आणि घरी आल्यावरही टक्केवारीतच बोलत. "मोठी शाळा. शंभर टक्के," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईनं ठरवलं, तेही मोठीच. तिसऱ्या दिवशी मुंगी बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगू? शाळेत तू जाणार."

"मला नाही ठरवता येत."

"येईल."

मुंगी रडायला लागली. मापकाकांना वाटलं होतं, आपण तिला मोकळीक देतोय. बायकोला तसं वाटलं नाही. "दुकानात दुसऱ्यांच्या पोरांचे पाय धरून बसता, आणि स्वतःच्या लेकीला असं वाऱ्यावर सोडता?"

बोलणं खरं होतं. दुकानात मापकाका नुसतं विचारून गप्प बसत नसत, आधी चालायला लावत.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते मोठ्या शाळेत गेले. मुलीला एक दिवस वर्गात बसू द्याल का, असं त्यांनी कारकुनाला विचारलं.

"अशी सोय नाही. प्रवेश घ्या, मग रोज बसवा."

"बाईंना भेटता येईल?"

"बाई मीटिंगमध्ये आहेत."

"थांबतो," मापकाका म्हणाले, आणि अडीच तास थांबले. मुख्याध्यापिका बाहेर आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "असं आजवर कुणी मागितलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग नाही म्हणायचा नियम आहे का?"

मापकाकांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बाईंना तो टोमणा वाटला. त्यांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि एक दिवस, शेवटचा बाक, अशी परवानगी दिली.

संध्याकाळी बापलेक वही घेऊन बसले. काय काय बघायचं ते मुंगीनं लिहिलं. उत्तर चुकलं तर बाई काय करतात. जिला मैत्रीण नाही ती मधल्या सुट्टीत कुठं बसते. ग्रंथालयातली पुस्तकं हाताळलेली आहेत की नुसतीच लावलेली. असे अकरा प्रश्न झाले. मापकाकांनी बारावा सुचवला, शिस्त कशी आहे. मुंगीनं तो लिहिला, थोडा विचार केला आणि खोडला.

एक दिवस ती मोठ्या शाळेत बसली आणि उत्तरं वहीत टिपली. दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन स्वतःच्या शाळेत गेली. तिथं ती सात वर्षं जात होती, पण असं बघितलं नव्हतं. आठव्या दिवशी जेवताना तिनं सांगितलं, "मी इथंच राहणार."

मामा मुद्दाम आले होते. "कारण?"

"तिकडची प्रयोगशाळा छान आहे. पण जाऊन-येऊन अडीच तास बसमध्ये. आणि मधल्या सुट्टीत सगळे पुढच्या तासाचा अभ्यास करतात. कुणी बोललंच नाही माझ्याशी. इथं गणिताच्या बाई दहादा विचारलं तरी सांगतात."

आईनं मापकाकांकडे बघितलं. मुंगीला मोठ्या शाळेचा निळा कोट घालून पुलापलीकडे जाताना मापकाकांनी मनातल्या मनात कितीतरी वेळा पाहिलं होतं. आपलंही एक मत होतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते मोठ्या शाळेच्या बाजूचं होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "नकाराचं पत्र तूच लिही. सही मी करतो."

मामा पावणेदोन महिने घरी फिरकले नाहीत.

आठवी सुरू होऊन तीन महिने झाले आणि गणिताच्या बाई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी रिकामा तास आला. कधी चित्रकलेचे सर येऊन बसत, कधी कुणीच नाही. सहामाहीत मुंगीला गणितात शंभरपैकी एकेचाळीस मिळाले. गुणपत्रिका पुढे ठेवून ती म्हणाली, "माझं चुकलं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. "थोडं," मापकाका म्हणाले. "बाई जातील हे कुणालाच माहीत नव्हतं. पण एका माणसावर बरंच टेकवलं होतंस."

मुंगी या वेळी रडली नाही. "मग तिकडे जायचं?"

"तू बघ."

तिनं दोन दिवस घेतले. जुनी वही काढली, गणिताच्या बाईंची ओळ खोडली आणि उरलेल्या ओळी वाचल्या. मग आईचा फोन घेऊन तिनं मामांना लावला. "मामा, रविवारी मला गणित शिकवाल? शाळा तीच ठेवणार आहे, आधीच सांगते."

पलीकडून मामांनी विचारलं, "किती वाजता?"

रविवारी सकाळी आठला मामा आले, सरळ टेबलाशी बसले आणि "मोठ्या शाळेत हे सगळं झालं असतं आतापर्यंत," असं म्हणून पुस्तक उघडलं. दर रविवारी ते हे एकदा म्हणत आणि मग दोन तास मन लावून शिकवत. वार्षिक परीक्षेत मुंगीला अडुसष्ट मिळाले. मामांच्या मते ब्याऐंशी मिळायला हवे होते.