आमच्या क्लबचे मॅनेजर आणि आमचे सर

आमच्या क्लबचे आजवरचे मॅनेजर मला क्रमानं पाठ आहेत. बायकोचा वाढदिवस मी दोनदा विसरलोय, पण मफलरवाल्यांनंतर नवरदेव आले आणि नवरदेवांनंतर प्रभारी, ह्यात माझी चूक होणार नाही. ही अर्थात आम्ही ठेवलेली नावं. क्लब इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातला फुटबॉल क्लब. ते गाव मी पाहिलेलं नाही, तिथल्या एकाही माणसाला ओळखत नाही. तरी गेली कित्येक वर्षं दर शनिवारी सकाळी त्या गावाच्या अब्रूसाठी मी व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नमधल्या माझ्या घरी सोफ्यावर बसून ओरडतो.

क्लब मला सरांनी दिला. सर म्हणजे शिक्षक नव्हेत. नागपूरला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये ते मला दोन वर्षं सिनियर होते, आणि सिनियरला 'सर' म्हणायची आमच्याकडे पद्धत होती. पहिल्या वर्षी ते धाकानं म्हणतात, नंतर सवय होते आणि मग ती जन्मभर सुटत नाही. सरांच्या मावसभावानं त्यांना इंग्लंडहून एक जर्सी पाठवली होती. तिच्यावर ज्या क्लबचं चिन्ह होतं तो आमचा क्लब. होस्टेलमधली बाकीची मंडळी जिंकणारे मोठे क्लब धरून बसली होती. आम्ही दोघं मात्र हरणाऱ्या क्लबला चिकटलो ते चिकटलोच.

तेव्हा मॅनेजर होते मफलरवाले. हे म्हातारे गृहस्थ मे महिन्यातही गळ्यात मफलर घालून मैदानाच्या कडेला उभे असत. दहाएक वर्षं ते त्या जागेवर होते. संघ खालच्या लीगमध्ये घसरला आणि त्यांना काढलं, त्या दिवशी मी मेसमध्ये सगळ्यांना गुलाबजाम खिलवले. सरांनी गुलाबजाम खाल्ला नाही. "बे, दहा वर्षं राबलेल्या माणसाला काढलं आणि तू काय मिठाई वाटतोस?" असं म्हणून ते उठून गेले. मी त्या वेळी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, सर उगाच हळवे होतात.

नंतर आले नवरदेव. उंची सूट, केस चापून बसवलेले, पत्रकारांसमोर हसू. दिवाळीला आले आणि संक्रांतीला गेले. मग प्रभारी. हे क्लबच्याच दुय्यम संघाला शिकवणारे एक साधे गृहस्थ. मॅनेजर गेला की ह्यांना चार सामन्यांपुरतं खुर्चीत बसवायचं आणि नवा माणूस मिळाला की परत पाठवायचं. असं तीनदा झालं. सरकारी कचेरीत प्रभारी अधिकारी असतात तसं, म्हणून ते नाव. त्यानंतर प्राध्यापक, त्यांच्यानंतर गप्पिष्ट, मग पुन्हा प्रभारी. माझं अमेरिकेत येणं प्राध्यापकांच्या काळातलं, लग्न गप्पिष्टांच्या, आणि मुलगा प्रभारींच्या दुसऱ्या कारकिर्दीतला. एखाद्या वर्षाची आठवण काढायची तर मला आधी त्या वेळचा मॅनेजर आठवतो.

अमेरिकेतली माझी पहिली नोकरी सरांच्या शब्दावर लागली. ते माझ्याआधी इथे आलेले. त्यांनी माझा बायोडाटा आपल्या मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि, मला नंतर कळलं, तीनदा आठवण करून दिली. पुढे कंपन्या बदलल्या, पण शेवटी आम्ही दोघं अ‍ॅशबर्नमध्ये एकाच ऑफिसात आलो. आमची टीम सहा जणांची. टीमचा मॅनेजर सोडून गेला तेव्हा त्या जागेसाठी आधी सरांना विचारलं गेलं. "मला माणसं हाकायला जमत नाही," असं म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलं. अशा रीतीनं मी सरांचा बॉस झालो आणि बॉस झाल्यावरही त्यांना सरच म्हणत राहिलो. टीममधल्या एका अमेरिकन सहकाऱ्यानं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना इंग्लंडच्या राजानं पदवी दिली आहे का? मी त्याला होस्टेल समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याला ते काही पटलं नाही.

शनिवारचा सामना माझ्या घरी बघायचा हा नेम. चार घरं येतात. तर्री-पोहे मी करतो, चहा सर करतात. क्लबनं मॅनेजर काढला की त्या शनिवारी आम्ही निरोप समारंभ करायचो. त्याचा फोटो छापून टीव्हीखाली ठेवायचा, शाल पांघरायची, नारळ द्यायचा आणि सरांनी भाषण करायचं, अगदी जिल्हा परिषदेच्या थाटात. एका वर्षी आई नागपूरहून आली होती. कुणीतरी हौसेनं फोटोला हारही घातला. आई आंघोळ करून खाली आली, हार बघितला आणि दारातच थबकली. "कोण गेलं रे? किती वर्षांचे होते?" तिनं हळू आवाजात विचारलं आणि पोह्यांच्या गंजाखालचा गॅसही बंद केला. तो माणूस जिवंत आहे आणि त्याला नुसतं नोकरीवरून काढलंय हे समजल्यावर ती भयंकर चिडली. "जित्या माणसाला हार घालता? बायकापोरं असतील ना त्याला!"

आम्ही खूप हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो, कारण काढा म्हणणाऱ्यांत मीच पुढे असायचो. दोन सामने हरले की माझं सुरू व्हायचं, "काढा याला." माझी बायको न्यू जर्सीत वाढलेली. ती म्हणायची, "तू इतक्या इझिली कसा बोलतोस यार? इट्स हिज जॉब." सर म्हणायचे, "एक सीझन तर पूर्ण दे माणसाला." मी म्हणायचो, अकरा खेळाडू काढता येत नाहीत, म्हणून एक मॅनेजर काढायचा, सोपं आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेल की मुलाला पाठ झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बॉसनं, एका शांत बोलणाऱ्या बाईनं, मला बोलावून सांगितलं की प्रत्येक टीममधून एक जण कमी होणार आहे. माझ्याकडून गुरुवारपर्यंत एक नाव हवं. कुणाशी बोलायचं नाही.

सहा जणांत एक मी. उरले पाच. एक बाई बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच परतलेल्या. एक तरुण पोरगा, सगळ्यात हुशार. एक अमेरिकन, निवृत्तीला दोन वर्षं. एक नवीन मुलगी, तिच्यावाचून चालू काम अडलं असतं. आणि सर. सर ज्या जुन्या सिस्टिमचं काम बघायचे ती बंदच होणार होती. कागदावर बघितलं तर उत्तर सरळ होतं. पण कागदावर नसलेलं एक कारण होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अमेरिकन माणूस वकील करेल. तो पोरगा तक्रार करेल. बाई रडतील. सर मात्र काही करणार नाहीत. माझ्याकडे बघून 'ठीक आहे' म्हणतील.

सर व्हिसावर होते. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांची बारा वर्षं गेली होती. माझं कार्ड बायकोमुळे लवकर झालं, त्यांचं झालंच नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलगी इथे जन्मलेली, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात. हे सगळं मला माहीत असताना मी बुधवारीच, एक दिवस आधी, सरांचं नाव लिहून पाठवलं. एक दिवस आधी का, तर मला ते डोक्यावरून उतरवायचं होतं.

मधे शनिवार आला. सर नेहमीसारखे आले, चहा टाकला. मी त्यांना दोनदा पोहे वाढले, वर शेव घातली. क्लब तीन गोलांनी मागे पडला आणि मी गप्प.

"आज काढा म्हणत नाहीस बे?" सरांनी विचारलं.

"घसा बसलाय," मी म्हटलं.

त्यांनी उठून मला आलं घातलेला चहा करून दिला. तो मी संपवला. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मंगळवारी सकाळी नऊला कॉल होता, पंधरा मिनिटांचा. एचआरची बाई स्क्रीनवर होती. मजकूर तिनं लिहून दिलेला होता, तो तसाच वाचायचा, एक शब्द कमीजास्त करायचा नाही. पहिल्याच ओळीत त्यांचं नाव होतं. सव्वीस वर्षांत मी त्यांना प्रथमच नावानं हाक मारली. सर स्क्रीनवर थोडे पुढे झुकले, ऐकू आलं नाही तसे. मी उरलेलं वाचलं. "ठीक आहे," ते मराठीत म्हणाले. मग बाई बसल्या आहेत हे लक्षात येऊन इंग्रजीत म्हणाले, "अंडरस्टूड." त्यांनी एकच विचारलं, शेवटची तारीख कोणती धरायची? साठ दिवस तिथून मोजायचे होते.

त्याच महिन्यात क्लबनंही मॅनेजर काढला. निरोप समारंभाचं नाव कुणी काढलं नाही. सर आले होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "लिस्ट वरून आली. ह्याच्या हातात काही नव्हतं." मी मान खाली घालून पोहे हलवत राहिलो. खोटं मी बोललो नाही, पण त्यांनी बोललेलं खोडलंही नाही. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं. तिला मी सांगितलेलं होतं.

साठ दिवसांत सरांनी खूप खटपट केली. टेक्सासमध्ये शुगर लँडला एका ठिकाणी तीन मुलाखती झाल्या आणि मग त्यांची भरतीच थांबली. मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले, शिफारसपत्रं लिहिली. एकदा सरांनी मला आभाराचा मेसेज पाठवला, तो मी उघडून ठेवला आणि उत्तर दिलं नाही. शेवटी पुण्यात एक नोकरी ठरली. घर रिकामं करायच्या आठवड्यात सर आणि वहिनी आमच्याकडे आले. सर म्हणाले, "पोरीची शाळा जूनमध्ये संपते. तोवर तुमच्याकडे ठेवाल का?" माझी बायको म्हणाली, "ऑफ कोर्स, विचारताय काय!" मी नुसती मान हलवली. वहिनींनी माझ्या हातात पोरीच्या दम्याच्या औषधांची यादी दिली, आणि कोणतं कधी द्यायचं ते दोनदा समजावलं.

मुलगी शांत. जेवायला काय हवं विचारलं तर "एनीथिंग इज फाइन, काका." आमचं घर तिच्या शाळेच्या हद्दीबाहेर, म्हणून तिला स्कूल बस नाही. रोज सकाळी मीच गाडीनं सोडायचो. वीस मिनिटांचा रस्ता. ती कानात इयरफोन घालायची आणि मी रेडिओ लावायचो.

एप्रिलमधल्या एका सकाळी शाळेच्या दारातल्या गाड्यांच्या रांगेत आम्ही अडकलो होतो. तिनं इयरफोन काढले.

"काका, एक विचारू? बाबा म्हणतात लिस्ट वरून आली. इज दॅट ट्रू?"

हो म्हणणं सोपं होतं. सरांनी ते उत्तर तयार करून माझ्या हातात दिलेलं होतं, चार घरांनी ते मानलंही होतं. पण ती माझ्याकडे वळून बसली होती, आणि तिच्या औषधांची यादी आमच्या फ्रिजवर लावलेली होती.

"वरून एक नाव मागितलं होतं," मी म्हटलं. "नाव मी दिलं."

"व्हाय हिम?"

"तुझे बाबा भांडणार नाहीत म्हणून."

पुढची गाडी सरकली तशी मी आमची सरकवली. दारातल्या शिक्षिकेनं हात करून उतरायची खूण केली. पोरीनं बॅग खांद्यावर घेतली, दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकून थांबली.

"बाबांना माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आय वॉज नॉट सपोज्ड टु आस्क. ते म्हणाले, काकाला विचारू नकोस, त्याला त्रास होईल."

मग ती उतरली. दार तिनं रोजच्यासारखंच हलक्या हातानं लावलं. तिनं ते आपटायला हवं होतं.