सिद्धाप्पामामांनी जपलेला डबा

सिद्धाप्पामामा गेल्याची बातमी मला दहा दिवसांनी कळली, तीही महादेवीमावशींच्या फोनवरून. "गेले वो तुमचे मामा... तुमच्या गाडीचा डबा हितंच हाय. घेऊन जावा की." कुठला डबा, हे विचारावं लागलं नाही. 

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला मामांचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत त्यांचा नि मावशींचा संसार. गाडीच्या मागे बसून धुराच्या नळीपुढे तळहात धरायचा आणि धुराच्या जोरावरून दुखणं सांगायचं, ही त्यांची पद्धत. मग तो काळा हात दाराशेजारच्या भिंतीला पुसायचे. "साकू, साकू!" मावशी आतून कानडीत ओरडायच्या, म्हणजे पुरे, पुरे.

दोन वर्षांपूर्वी माझी डिझेलची पिकअप कांद्याच्या भाराने चढाला धापा टाकू लागली. मामांनी नळीपुढे हात धरून सांगितलं, "कन्व्हर्टर चोंदलाय, मालक. दोन दिस ठिवा, साफ करून देतो." धूर गाळणारा तो डबा साफ करायला दोन दिवस, आणि कांद्याचा ऐन हंगाम! मी म्हणालो, "काढूनच टाका. सगळेच काढतात."

"मग धूर कुटं जाणार?"

"मागं!" मी हसलो.

"मागं आमी असतोय की," मामा म्हणाले. ते हसले नाहीत.

मी हट्टाला पेटलो. इतर ठिकाणी डबा आतून पोकळ करून पुन्हा बसवतात, वरून काही कळत नाही. मामांना ते पटेना. "काढीन तर अख्खा काढीन. साफ करून ठिवतो, हंगाम झाला की बसवायला या." मी हो म्हणालो. त्यांनी डबा कापून सरळ नळी जोडली, गाडी पळू लागली आणि माझा 'पुढच्या आठवड्यात' दोन वर्षं चालला.

येता-जाता त्यांच्याकडे चहाला थांबायचो, इंजिन तसंच चालू ठेवून. मामा खोकत बाहेर यायचे, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवायचे आणि ती माझ्या कपाशेजारी ठेवायचे. डब्याचं नाव एकदाही काढलं नाही. डॉक्टर म्हणे, जन्मभराच्या वेल्डिंगने छाती गेली. असेल. त्यात माझा धूर किती, हे विचारायची माझी छाती नाही.

परवा गेलो. डबा खिळ्याला टांगलेला, आत माती जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. खडूने लिहिलेला माझ्या गाडीचा नंबर पुन्हा पुन्हा गिरवलेला. चिंधी सोडली तर आतली जाळी लख्ख. "दर अमावस्येला पुसायचे," मावशी म्हणाल्या. "म्हणायचे, येतील की."

दुसऱ्या एका दुकानात तो बसवून घेतला. दोन दिवससुद्धा लागले नाहीत... काल पुन्हा त्या रस्त्याने आलो. मावशी मंगळवेढ्याला भावाकडे गेल्यात, दुकानाला कुलूप. सवयीने समोर थांबलो, सवयीनेच इंजिन चालू ठेवलं. बराच वेळ ते तसंच चालू राहिलं. किल्ली फिरवायला कुणी आलं नाही.