दोन रेणूंमधली जागा

कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीच्या कट्ट्यावर टपाल तिकिटाएवढी काच तारांनी मीटरला जोडून उन्हाला ठेवली होती. माझ्या मैत्रिणीने, वैशालीने, स्वतः घडवलेला जांभळा रंग त्या काचेवर चढवला होता. ऊन पडलं की त्या रंगातून वीज यायला हवी. आधीचे तीन रंग फसले होते. हाही फसला तर संशोधन सोडून गावी परतायचं, असं तिने ठरवलं होतं.

"का फसले गं?" मी विचारलं.

"रंगाचे रेणू एकमेकांना चिकटून बसायचे. उजेड आपापसांतच जिरवायचे, तारेपर्यंत काही पोचायचंच नाही. तुमच्या संघटनेच्या बैठकीसारखं!"

संघटनेची पत्रकं मीच लिहायचे. टोमणा खरा होता, म्हणून जास्तच झोंबला.

या वेळी तिने प्रत्येक रेणूला शेजाऱ्यापासून जरा लांब ठेवणाऱ्या अणूंच्या फांद्या जोडल्या होत्या. मी लहानपणापासून पत्रकांत 'एक व्हा' एवढंच वाचत आले. एक झालेल्यांनाही श्वास घेण्यापुरती जागा लागते, आणि मिळालेला उजेड पुढे द्यायचा असतो, हे मात्र कुठल्याच पत्रकात नव्हतं. ते आता मलाच लिहावं लागणार.

मीटरचा काटा हलला, मागच्या रंगांच्या खुणेच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. वैशालीने तिथे नवी खूण केली.

"आता पाचवा करते," ती म्हणाली. "याच्याहून गडद."