मर्जचं आजोळ

ज्याचं आजोळ आमच्या सरांना ठाऊक नाही असा माणूस त्या काळात महाडपासून पोलादपूरपर्यंत सापडणं कठीण होतं. नाव, गाव, शिक्षण या गोष्टी ते नंतर विचारत. पहिला प्रश्न आजोळाचा. बी.एस्सी.चा निकाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये काम मागायला गेलो, तेव्हाही त्यांनी पिशवी न उघडता बाजूला ठेवली आणि आईचं माहेर विचारलं. शिवथरकडचं आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "तरीच असा हळू बोलतोस," म्हणाले, आणि मी कामाला लागलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नोकऱ्या अशाच लागत असतील असं मला वाटलं.

क्लास एसटी स्टँडजवळ, भांड्यांच्या दुकानावर होता. सरांनी मुंबईतली कंपनी सोडून तो का काढला हे कुणी विचारलं तर ते विचारणाऱ्याचंच आजोळ काढून बसत. एकदा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात उभा होता, आणि त्याच्या आजोबांनी बिरवाडीचं घर कधी सोडलं याचा छडा लागेपर्यंत सरांनी त्याला सिलिंडर खाली ठेवायलाही सांगितलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "सर, बाकीचं पुढच्या खेपेला."

हीच सवय त्यांनी कॉम्प्युटरलाही लावली होती. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास पोलादपूरच्या एका गुरांच्या डॉक्टरसाठी आम्ही प्रोग्राम लिहीत होतो. कुठल्या वाडीतल्या गुरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस कधी द्यायची, हे प्रोग्रामने सांगायचं. लिहिणारे तिघे: मी, महाडच्या बाजारपेठेत वाढलेला जयेश आणि पोलादपूरवरच्या एका डोंगरवाडीतून रोज पायवाट उतरून एसटी धरणारी सुनंदा. प्रत्येक जण आपापल्या ब्रँचवर, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या फाट्यावर, काम करी. मग दोन फाटे एकत्र आणायचे, तो मर्ज. केलेला प्रत्येक बदल हिस्टरीत नोंदला जाई, आणि सर ती हिस्टरी रोज सकाळी खालून वर, आरती म्हणावी तशा ठाय लयीत मोठ्याने वाचत. मर्ज आला की थांबत. सांगत, "साध्या नोंदीच्या मागे एकच घर असतं. मर्जच्या मागे दोन. तू ज्या फाट्यावर उभा होतास ते त्याचं घर, आणि जो फाटा त्यात आणलास ते त्याचं आजोळ. दोन्हीकडे जाऊन आल्याशिवाय मर्ज कळत नाही."

एवढ्यावर ते थांबते तरी आम्ही त्यांना विक्षिप्त म्हटलं नसतं. पण त्यांच्या कीबोर्डशेजारी अडकित्ता असे. मर्ज करायचा तर ज्या दोघांचे फाटे, त्या दोघांनी एका बाकावर बसायचं, जिथे दोघांचं जुळत नाही ती प्रत्येक ओळ बोलून मिटवायची, आणि मगच सर सुपारी फोडून दोघांच्या हातावर खांड ठेवत. आमच्याकडे सोयरीक ठरते ती दोन्हीकडची माणसं बसल्यावरच. सरांच्या मते प्रोग्रामलाही दुसरा नियम असायचं कारण नव्हतं. जयेश म्हणायचा की अशाने लस द्यायच्या आधी गुरं म्हातारी होऊन मरतील. सर त्याच्याही हातावर खांड ठेवत आणि तो निमूट चघळत बसे.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले. सुनंदा चुलतबहिणीच्या लग्नाला वाडीवर गेली. तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला, प्रोग्राम ताबडतोब हवा. जयेशने आपला आणि सुनंदाचा फाटा एकट्यानेच मर्ज केला. दोघांनी एकच जागा बदलली होती, पुढच्या लसीची तारीख काढायची. जयेशने रस्त्यावरची गावं धरून ठरावीक अंतराने तारीख काढली होती. सुनंदाने डोंगरातल्या वाड्यांसाठी पाऊस लागायच्या आधीची तारीख काढली होती, कारण पावसात तिथे डॉक्टरही चढत नाही आणि जनावरही खाली उतरत नाही. जुळत नव्हतं तिथे जयेशने सगळीकडे आपलंच ठेवलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात, तसं तिचं राहील आणि ती आल्यावर पुन्हा मर्ज करता येईल, असं त्याने धरलं होतं.

सुनंदा आली, तिने आपला फाटा पुन्हा मर्ज करायला घेतला, आणि कॉम्प्युटरने उत्तर दिलं की यातलं सगळं आधीच आलेलं आहे, आणण्यासारखं काही नाही. तिने तीनतीनदा करून पाहिलं. तिच्या वाडीपुढे तारीख दिसत होती ऐन श्रावणातली. आदल्या पावसाळ्यात तिच्या घरचे दोन बैल घटसर्पाने गेले होते. हा प्रोग्राम तिच्यासाठी काय होता हे आम्हाला ठाऊक होतं. जयेशने काय झालं ते सांगितलं. ती भांडली नाही. सर डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आले तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "सर, माझ्या कामात आणण्यासारखं काय नाय, असं मशीनपण म्हणतंय. उद्यापासून मी येत नाय."

सरांनी तिला बसायला सांगितलं. एका डोळ्याने हिस्टरी वाचायची म्हणून ते स्क्रीनला नाक लावून बसले आणि त्या मर्जपाशी आले. म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाय गो बाय. त्याला जे सांगितलं तेच ते धरून बसलंय. मर्ज म्हणजे दोन्हीकडचं आलं, असं लिहून देणं. जयेशने लिहून दिलं. मग ते तुझं पुन्हा कशाला मागेल?" मग ते त्या मर्जच्या दोन्ही घरी गेले. आजोळी, म्हणजे सुनंदाच्या शेवटच्या नोंदीपाशी, पावसाच्या तारखा जशाच्या तशा होत्या. एक ओळही हरवली नव्हती.

जयेशचा चेहरा उतरला होता. तो मर्ज हिस्टरीतून पुसून टाकू या, असं तो हळूच म्हणाला; कुणाला दिसायला नको. सर म्हणाले, "चूक राहू दे. पुसलीस तर उद्या हिच्या तारखा कुठे गेल्या होत्या ते कुणाला कळणार?" त्यांनी त्या मर्जच्या मागच्या दोन्ही नोंदी घेऊन एक नवा फाटा काढला, दोघांना बाकावर बसवलं आणि मर्ज पहिल्यापासून करायला लावला. दुपारचं जेवण राहिलं. सुनंदा आधी फक्त मान हलवत होती. मग जयेश एका गावाबद्दल म्हणाला की तिथे बारमाही रस्ता आहे, आणि ती पहिल्यांदा ताडकन बोलली, "कागदावर हाय. तू जून महिन्यात जाऊन दाखव." तिथून काम सुरू झालं. शेवटी जे लिहिलं गेलं ते त्याचंही नव्हतं आणि तिचंही नव्हतं: प्रोग्राम आधी विचारणार, पावसात वाट असते का, आणि मग तारीख काढणार. ते चालू प्रोग्रामवर नवी नोंद म्हणून चढवलं, खाली काय चुकलं होतं ते लिहून, दोघांच्या नावाने. दुसऱ्या दिवशी सुनंदा नेहमीच्या गाडीने आली.

आता क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. सर गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. मी पुण्यात नोकरी करतो. नव्या मुलांना मर्ज समजावताना आजोळ म्हणतो, तेव्हा ती हसतात, आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

पण सर आठवतात ते त्या मे महिन्यातले. डॉक्टर लस घेऊन सुनंदाच्या वाडीवर चढले, त्यांच्यामागे आम्ही, आणि सगळ्यात मागे, डोळ्याला जपा असं सांगितलेलं असताना, धापा टाकत सर. गुरं दावणीला बांधलेली होती. सुनंदाचे वडील हातातली दोरी न सोडता सरांजवळ आले. त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या तुमच्या मशीनीत आमच्या पोरीचं काय हाय का?"

सर दगडावर बसले होते. आजोळ विचारण्याइतकाही दम त्यांच्यात उरला नव्हता. श्वास खाली बसू दिला आणि म्हणाले, "हाय. आता कुणाला काढता यायचं नाय."

वडिलांनी मान हलवली आणि पुढचं वासरू सोडायला गेले.