डेव्हलपर समाज

माझं काम काय, हे सोलापुरात कुणाला नीट समजावून सांगता आलं असेल तर शपथ. कार्डावर मी कंपनीची उपाध्यक्ष आहे, डेव्हलपर कम्युनिटीची. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांशी नातं जोडायचं, ते टिकवायचं, मग ते आमच्या सेवा वापरतात. पहिल्या भेटीसाठी सात रस्त्याजवळ हॉल ठरवायला गेले, तर तिथल्या व्यवस्थापकानं विचारलं, "कुटल्या समाजाचा मेळावा, ताई?" मी म्हटलं, डेव्हलपर लोकांचा. रविवारी दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं: 'डेव्हलपर समाज, वधूवर नोंदणी आत'. एक बाई मुलीचा बायोडाटा घेऊन आल्यासुद्धा. आम्ही पोट धरधरून हसलो आणि गटाला तेच नाव चिकटलं.

या समाजात सांगोल्याकडचे एक जण होते. घरी मेंढरं, स्वतः कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी, आणि कोडिंग स्वतःच शिकलेले. उन्हाळ्यात टँकर कुठल्या वस्तीवर कधी येणार ते कुणालाच कळत नाही, बायका घागरी घेऊन ताटकळतात. त्यांनी आमच्या मेसेज सेवेवर एक साधी गोष्ट बांधली: टँकर निघाला की वस्तीतल्या साध्या फोनवर मराठीत निरोप. बांधण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, "म्याडम, ही सेवा मधीच बंद तर पडनार न्हाय न्हवं?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, कुठे जात नाही, माझा शब्द.

पुढच्याच उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीनं ती सेवा बंद करायचं ठरवलं. बैठकीत मी भांडले. निदान पावसाळ्यापर्यंत तरी थांबा म्हटलं. वरचे साहेब शांतपणे म्हणाले, "कम्युनिटी समजून घेईल." या वाक्याचा मला इतका संताप येतो! समजून घेणारे कोण, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी वर्षानुवर्षं माणसं जोडायची आणि यांनी एका बैठकीत ती वाऱ्यावर सोडायची. वर ताकीद: जाहीर होईपर्यंत बाहेर ब्र काढायचा नाही. मी तीन आठवडे मेलवर मेल लिहीत राहिले आणि बाहेर गप्प बसले. नोकरी सोडायची धमकीसुद्धा दिली नाही. द्यायला हवी होती.

जाहीर झाल्यानंतरच्या रविवारी मी हॉलमध्ये उभी राहिले. कंपनीनं पाठवलेलं निवेदन वाचवेना, म्हणून कागद बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं: सेवा महिनाअखेर बंद होतेय, मी हरले, माफ करा. कुणीतरी पर्यायांबद्दल विचारलं. मी दोन-तीन सांगितले, पण त्यातला एकही साध्या फोनवर चालत नव्हता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळे चहाला उठल्यावर सांगोल्याचे ते गृहस्थ माझ्यापाशी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्याडम, तुमाला हे आदी म्हाईत हुतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," मी म्हटलं. "तीन आठवडे झाले."

त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, चेन लावली.

"मागल्याच आठवड्यात आनखी दोन वस्त्या जोडल्या की मी," ते म्हणाले. "तुमचा शब्द हाय म्हनून सांगितलं त्यास्नी."